अश्विनच्या पिच्चरमधला बाप

माझ्या धाकट्या भावावर सिनेमा निघतोय हे कळल्यावर मी सगळ्यात आधी विचारलं, "माहं काम कोन करून राहिलं?"

अश्विन फोनवर म्हणाला, "ताई, पटकथेत बहीण नाहीये. बहीण असली की हिरोचा एकटेपणा नीट येत नाही म्हणे."

बेंगळुरूला गेल्यापासून त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी झालीये. मी त्याला म्हटलं, "काहून गा, तुले सायकलवर डबलसीट ट्यूशनले कोन नेत होतं? लकडगंजच्या दुकानदारांचे तीनशे फोन नंबर तुह्या ॲपमदी हातानं कोनं भरले? तुले एकटेपना आला कधी?" तो नुसता हसला. अश्विन हसला की त्याला पुढचं काही विचारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आईने केलाय आणि त्याचा फायदा तो लहानपणापासून घेत आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अश्विन सुखदेवे, वय एकोणतीस, कामठीच्या मागवाल्याचा, म्हणजे विणकराचा, मुलगा. त्याने 'खेप' नावाचं ॲप काढलं. ठोक बाजारातून रिकामी परत जाणारी मालवाहू गाडी कुठल्या वाटेने जातेय ते छोट्या दुकानदाराला कळतं, आणि त्याचं एखादं पोतं त्यात बसून जातं. एवढंच. पण एवढंच आजवर कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून आता मासिकांच्या मुखपृष्ठांवर हाताची घडी घालून तो उभा असतो. आईबाबांना त्याने शहरातल्या नंदनवन वस्तीत फ्लॅट घेऊन दिला. गुणी आहे. खोटारडाही आहे, आणि ही गोष्ट त्या खोटेपणाचीच आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याची एक इंग्रजी मुलाखत मी मोबाइलवर ऐकली. मी शाळेत गणित शिकवते, पण इंग्रजी मला कळतं. त्यात अश्विन भरल्या गळ्याने सांगत होता, की माझे वडील मागावर काम करायचे, दारू प्यायचे, पिऊन आले की मारायचे. एकदा त्यांनी माझा कॉम्प्युटर आपटून फोडला. मी सतरा वर्षांचा असताना लिव्हर खराब होऊन ते गेले. हे मी ऐकत होते तेव्हा मयत बाबा माझ्यासमोर चटईवर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होते.

आमचे बाबा, देवाजी सुखदेवे, दर रविवारी विहारात पंचशील म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत. त्यातलं दारूचं पाचवं शील तर त्यांनी असं धरलंय, की होमिओपॅथीच्या गोळ्यांना स्पिरिटचा वास आला म्हणून त्या डॉक्टरला परत देऊन आले होते. कामठीच्या आमच्या गल्लीतल्या सहा-सात जणांची बाटली त्यांनी मागे लागून लागून सोडवली. आणि तो कॉम्प्युटर? तो त्यांनी चार महिने दोन-दोन पाळ्या करून जुना विकत आणला, आणि धक्का लागू नये म्हणून शेअर ऑटोत मॉनिटर मांडीवर घेऊन बसून आले. तो अजून फ्लॅटमध्ये प्लॅस्टिकखाली झाकलेला आहे.

मी अश्विनला फोनवर धू धू धुतला. तो म्हणाला, "ताई, पैसे लावणारे लोक समोर बसले होते. माझ्याआधी चार जण बोलले. कुणी झोपडीतून आलेला, कुणी अनाथ. माझी पाळी आली तेव्हा सगळे घड्याळ बघत होते. एका बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे एकदम सरळ होऊन बसले." मग ते बोलणं परत घेता येईना. जिथे जाईल तिथे लोक तेच विचारत, आणि दर वेळी बाबा थोडे जास्त पीत गेले.

मी हे घरी सांगितलं नाही. मुलाखत इंग्रजीत, आमच्या गल्लीत ऐकतो कोण, असं मनाला समजावलं. खरं सांगायचं तर भावाचं नाव खाली पडू नये असं मलाही वाटत होतं. शाळेत मुख्याध्यापक बाई मला 'खेपवाल्याची बहीण' म्हणतात आणि ते मला आवडतं.

आता या गोष्टीवर सिनेमा निघाला. अश्विनने आईबाबांना बजावलं, "शूटिंगवाल्यांना भेटू नका. ते फार छळतात. सगळं गुपित आहे." शूटिंगवाल्यांना सांगितलं, की आईला या आठवणी सहन होत नाहीत, तिला त्रास देऊ नका. वडिलांचं नावसुद्धा पटकथेत बदलून घेतलं. पोराने चोख काम केलं होतं. फक्त एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. फ्लॅटमध्ये बाबांचा जीव रमत नाही, म्हणून ते रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन बस आणि शेअर ऑटोने कामठीला जातात, आणि त्यांचे जुने सोबती नत्थूकाका यांच्या माग-शेडमध्ये दिवसभर बसतात.

दिग्दर्शकाने शूटिंगसाठी नेमकी नत्थूकाकांचीच शेड निवडली.

त्या दिवशी बाबा घरी आले ते चप्पल काढायच्या आधीच हसत होते. "माया, इकडं ये वं. इंदू, तूही ये. आज काय झालं सांगू? तो डायरेक्टर, केयूर नाव हाय त्याचं, पुन्याचा पोरगा, तो नत्थूले म्हने, आमच्या हिरोच्या बापाचं काम करनाऱ्या नटाले माग चालवनं शिकवनारा मानूस पाहिजे. नत्थूनं माह्याकडं बोट केलं. आता मी त्याले शिकवून राहिलो! माहं काम करनाऱ्याले मीच शिकवून राहिलो, अन् त्या भैताडायले पत्ताच नाही!"

"तुमी सांगतलं नाही?" आईने विचारलं.

"पोरानं गुपित ठेवाले सांगतलं नं. आख्ख्या गल्लीले सांगून ठेवलं, कोनी तोंड उघडाचं नाही म्हनून." बाबा हसताना खोकले. "पिच्चर निघन तवा समजन त्यायले, कोन शिकवत होतं ते."

आई हसली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कामठीला गेले. शेडमध्ये माग खटखटत होते आणि त्या आवाजावर आवाज चढवून बाबा एका देखण्या, मोठ्या नटाला झापत होते. "धागा तुटला तं घाबराचं नाही! बोटानं पाहा, डोळ्यानं नोको पाहू!" नट बिचारा घामाघूम, पण मन लावून शिकत होता. चहाच्या सुट्टीत बाबांनी त्याला मोठ्या मायेने विचारलं, "तुमी ज्याचं काम करता तो मानूस सभावानं कसा हाय जी?" नटाला गोष्ट बाहेर सांगायची बंदी होती. तो जरा विचार करून म्हणाला, "फार खोल आहे, काका." बाबांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. "खोल हाय म्हने," ते माझ्या कानात म्हणाले.

निघताना केयूरने मला गाठलं. बाबांनी 'माही पोरगी' अशी ओळख करून दिली होती, आणि पटकथेत बहीण नसल्यामुळे त्याला काही संशय यायचं कारण नव्हतं. "ताई, एक विचारायचं होतं. सिनेमाच्या शेवटी खरे अश्विन सर स्वतः येतात आणि वडिलांच्या फोटोसमोर दोन वाक्यं बोलतात. त्यांच्याकडे वडिलांचा एकही फोटो उरलेला नाही. आणि खऱ्या माणसाने नटाच्या फोटोसमोर रडणं बरं दिसत नाही. काकांचा चेहरा इतका अस्सल आहे... त्यांचा फोटो काढला तर चालेल?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझा स्वभाव मला माहीत आहे. समोर अशी ताटात वाढून आलेली गंमत मी कधी सोडलेली नाही. "चालन नं," मी म्हटलं. "चांगला मोठा करा."

त्या रात्री मी अश्विनला फोन करून मुदत दिली. "शूटिंग संपाच्या आधी बाबाले तू स्वतः सांग. नाही तं मी सांगतो." तो म्हणाला, "रविवारी माझा शॉट आहे ताई. तेव्हा येतो, शॉट झाला की घरी येऊन शांतपणे सांगतो." शॉट झाला की! मी ठीक आहे म्हटलं. फोटोबद्दल चकार शब्द काढला नाही.

बाबा पांढरा शर्ट घालून फोटोला बसले. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, काका, जरा गंभीर. बाबांना ते काही जमेना. शेवटी हसराच फोटो निघाला.

रविवारी मी आईला नवं पातळ नेसवलं आणि दोघांना घेऊन अकरा वाजता शेडवर पोचले. माग बंद होते. शेडच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून त्यावर बाबांचा हा एवढा मोठा फोटो ठेवला होता. त्याला झेंडूचा हार, कपाळावर ठसठशीत कुंकवाचा टिळा, समोर उदबत्ती. गल्लीतली पंचवीस-तीस माणसं बाकांवर बसून बघत होती आणि नत्थूकाका केयूरशी हुज्जत घालत होते.

"टिळा पुसा पह्यले," नत्थूकाका म्हणत होते. "आमच्या लोकांत टिळा नाही लावत. मेनबत्ती लावा. अन् हाराले पांढरी फुलं आना."

स्वतःचा मित्र टेबलावर हार घालून बसवलाय याबद्दल नत्थूकाकांची काही तक्रार नव्हती. पिच्चरमध्ये काय वाट्टेल ते दाखवतात. पण टिळा चुकीचा म्हणजे चुकीचा. केयूरने माफी मागून टिळा पुसला, मेणबत्ती आणवली.

आईने फोटो पाहिला आणि माझा दंड घट्ट धरला. "हे काय वं माया? जित्या मानसाले हार घातला?"

बाबा मात्र खूश. "काहून, मी मरतो का पिच्चरमदी?" ते केयूरला म्हणाले.

"तुम्ही नाही काका, हिरोचे वडील. तुमचा फोटो आम्ही त्यांचा म्हणून वापरतोय."

बाबांनी नत्थूकाकांना टाळी दिली. "कवा मेले जी ते?"

"हिरो सतरा वर्षांचा असताना."

"अन् कशानं?"

"दारूने," केयूर म्हणाला. त्याला आता सांगायला हरकत वाटली नाही, शेवटचा दिवस होता. "फार प्यायचे, काका. बायकोला, मुलाला मारायचे. मुलाने कसाबसा मिळवलेला कॉम्प्युटर पिऊन फोडला. तो सीन आम्ही काल केला. जबरदस्त झालाय."

बाबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आतून निघून गेलं. "हे कोनं लिवलं?"

"लिहिलंय मी. पण सगळं खरं आहे. स्वतः अश्विन सरांनी सांगितलंय."

बाबा जवळच्या बाकावर बसले. आठ दिवस मी या क्षणाची मजा मनात घोळवत होते. अश्विन आत शिरेल, फोटो बघेल, त्याची जिरेल. ते होण्याआधी हा घाव बाबांवर पडेल, हे माझ्यासारख्या दीडशहाणीच्या लक्षातच आलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या बाजूला बसायलाही धजले नाही. आईला सगळं कळलं असावं. ती बाबांच्या बाकामागे जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात अश्विनची गाडी आली. लोकांनी वाट दिली. केयूरने त्याला दारातूनच कॅमेऱ्यासमोर आणलं. "सर, आता फोटो बघायचा नाही. कॅमेरा सुरू झाला की बघा. मला पहिली खरी प्रतिक्रिया हवीय."

ती त्याला मिळाली. अश्विनने मान वर केली आणि समोर बाबा, हारासकट हसत होते. त्याचा चेहरा पांढरा पडला, डोळ्यांत पाणी आलं. "वा," केयूर पुटपुटला आणि कॅमेऱ्यावरच्या माणसाला म्हणाला, "सोडू नको, सोडू नको." अश्विनचं वाक्य होतं, 'बाबा, आज तुम्ही असता तर.' तो 'बाबा' म्हणाला आणि अडकला. दुसऱ्यांदा घेतलं. पुन्हा 'बाबा'च्या पुढे गाडी जाईना.

केयूरला त्याची दया आली. "सर, फोटोकडे बघून जड जात असेल तर कॅमेऱ्याशेजारी कुणालातरी उभं करतो, त्यांच्याकडे बघून बोला." आणि त्याने बाबांना हाताला धरून उठवलं, कॅमेऱ्याला लागून उभं केलं. "यांच्याकडे बघा. समजा, हेच तुमचे वडील आहेत."

अश्विन बाबांकडे बघत राहिला आणि बाबा त्याच्याकडे.

केयूर वातावरण हलकं करायला हसून म्हणाला, "काका, तुम्ही याच गल्लीतले. लहानपणी सरांना ओळखत असाल ना?"

बाबांनी अश्विनला वरपासून खालपर्यंत निरखलं. "नाही जी," ते म्हणाले. "यायचा बाप वारला म्हनता नं तुमी. मंग मी कोन?"

अश्विनच्या तोंडून एक आवाज निघाला, तो शब्द नव्हता. लहानपणी सायकलवरून पडला की निघायचा तसा. मग इस्त्री मोडली. "बाबा, असं नोका म्हनू नं."

"मले मारलं त्याचं काही नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "मानूस मरतेच एक दिवस. पन दारू काहून पाजली गा मले?"

"लोकायले काहीतरी पाहिजे होतं, बाबा. तुमच्यात तसं काहीच नव्हतं. तुमी पेत नव्हते, मारत नव्हते. मी काय सांगू त्यायले?"

"तेच सांगाचं होतं," बाबा म्हणाले. "लय मेहनत लागली होती त्याले." आता त्यांचा आवाज फाटला. "मले वाईट वाटलं, अश्विन. बम वाईट वाटलं."

केयूर एकदा फोटोकडे, एकदा बाबांकडे, एकदा अश्विनकडे बघत होता. त्याच्या हातातले पटकथेचे कागद खाली पडले, पण कॅमेरा बंद करा म्हणायचं त्याला सुचलं नाही.

"सांगतो बाबा," अश्विन म्हणाला आणि हळूच बोलला, "हे माहे बाबा होत. जिते हायेत. यायनं दारूले कधी हात नाही लावला. मी खोटं सांगतलं होतं."

"मोठ्यानं," बाबा म्हणाले. बाकांवरची सगळी माणसं जन्मभर मागाच्या खटखटीत काम केलेली, कानाने अर्धी. अश्विनने पुन्हा सांगितलं. मागच्या बाकावरून नत्थूकाका ओरडले, "काय म्हनला गा?" तेव्हा त्याने तिसऱ्यांदा सांगितलं, घशाच्या शिरा ताणून.

"आता त्या लोकायले सांग," बाबा म्हणाले. "ज्यायले खोटं सांगतलं त्यायले. त्यायच्या भाषेत."

अश्विनने डोळे पुसले, कॅमेऱ्याकडे वळला आणि इंग्रजीत बोलायला लागला. दोन-तीन मिनिटं बोलला. बाबा ताठ उभे राहून प्रत्येक शब्द ऐकत होते आणि त्यांना एकही कळत नव्हता. तो थांबल्यावर ते माझ्याकडे वळले. "काय म्हनला वं माया? बराबर सांगतलं नं? तुले येते इंग्रजी. या सगळ्यायले सांग."

मी पुढे झाले. "बाबा, तो म्हनला, माहे वडील जिते हायेत. त्यायनं कधी दारू नाही पेली, कोनावर हात नाही टाकला. मले कॉम्प्युटर त्यायनंच घेऊन देला. पैशाच्या लालचीनं मी त्यायचं नाव खराब केलं, अन् याची माफी मागतो." लोकांनी माना डोलावल्या. आईने पदर डोळ्यांना लावला.

एवढ्यावर मी थांबू शकले असते. अश्विन आणखी एक वाक्य बोलला होता, आणि त्या शेडमध्ये शूटिंगवाले सोडले तर ते फक्त मला कळलं होतं. अश्विन माझ्याकडे बघत होता. तो मला पकडून देत होता की मला संधी देत होता, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

"अन् तो म्हनला," मी खाली बघत म्हटलं, "का माह्या बहिनीले हे दोन वर्षांपासून माहीत होतं."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मागच्या बाकावर नत्थूकाकांनी कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं वं पोरी," ते म्हणाले. "मोठ्यानं सांग."

मी मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं.